प्रति: खरा धूर प्रवासाचा

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की हॉटेलांनी प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या की पर्यटन 'हिरवं' झालं. बाटल्या जाऊ द्यातच, पण खरा धूर प्रवासाचा. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा साधारण ८ टक्के धरतात, त्यात विमानं-गाड्यांचा हिस्सा मोठा. पर्यटन संस्था-कंपन्यांनी सह्या केलेल्या २०२१ च्या ग्लासगो जाहीरनाम्यात २०३० पर्यंत पर्यटनाचं उत्सर्जन निम्म्यावर आणायचं ठरलंय. सह्या करायला काय जातं म्हणा!

सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर जाऊन बघा. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग, काचा वर, एसी चालू, आत माणसं दोनच. सातारा स्टँडवरून जादा एसटी सोडा, जमलं तर विजेवरच्या, आणि खासगी गाड्या खाली शहरातच थांबवा. पुण्याहून रेल्वेनंही येता येतं, पण स्टेशन पडलं शहराबाहेर माहुलीला. गाडीच्या वेळेला तिथं बस उभी हवी.