‘तो काही करत नाही’: शिवाजी पार्कातले मोकळे कुत्रे

दादरकरीण:
परवा आमच्या वॉकर्सच्या ग्रुपवर एका श्वानमालकाने लिहिलं, "माझा कुत्रा आजवर कोणाला चावलेला नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी सातनंतर यावं. मैदान सगळ्यांचं आहे." खाली बदामांची रांग लागली. तिथे उत्तर द्यायला बसले तर दोन ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितेय.

माझी आई ७४ वर्षांची आहे. लग्न होऊन दादरला आली तेव्हापासून ती कट्ट्याच्या कडेने फेऱ्या मारते. ऑगस्टात एका सकाळी पाऊस थांबला म्हणून सहाला बाहेर पडली. खेळपट्ट्यांच्या बाजूने एक गोल्डन रिट्रीव्हर मोकळा धावत आला. चावला नाही, गुरगुरलासुद्धा नाही. पुढचे दोन पाय उचलून तिच्या छातीवर ठेवले, बस्स. मालक तीसेक पावलांवर होता, हातात फोन. तिथूनच म्हणाला, "काकू, घाबरू नका, तो काही करत नाही." त्याचं वाक्य संपेपर्यंत आई खाली पडली होती.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दीड महिना वॉकर घेऊन घरातल्या घरात चालली. तिची त्या दिवशीची साडी मी अजून धुवायला टाकलेली नाही. फिकट आबोली सुती साडी, खांद्याच्या खाली लाल चिखलाचे दोन पंजे. वाळले तरी एकेक बोट मोजता येतं.

तो गृहस्थ एकदा फळं घेऊन भेटायला आला. म्हणाला, "त्याला तुम्ही आवडलात म्हणून तो आला, काकू." अगदी मनापासून म्हणाला, आणि तेच मला सहन होत नाही. त्याच्या लेखी अपघात झालाच नव्हता, कारण कुत्रा चावला नव्हता.

चावणं हा एकच निकष कोणी ठरवला? पट्टा तुमच्या कुत्र्याच्या स्वभावावर अविश्वास म्हणून लावायचा नसतो. समोरच्याचं वय, त्याची हाडं, त्याच्या कडेवरचं मूल तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून लावायचा असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी तक्रार केली नाही, आईनेच करू दिली नाही. पण पुढच्या वेळी करणार.

दोन लॅबवाला:
आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण एका निष्काळजी माणसावरून आम्हा सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

आमचं घर साडेचारशे फुटांचं. दोन लॅब्रॅडॉर. मी पावणेपाचला उठतो ते त्यांना तासभर पळवता यावं म्हणून. पट्ट्यात बांधून लॅबला व्यायाम होत नाही, माणसाचा खांदा तेवढा निखळतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की बागेत पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी घालू नका, वेळा ठरवून घ्या, कारण व्यायाम न मिळालेला कुत्रा चिडका होतो. या सव्वीस-अठ्ठावीस एकरांत पहाटेचा एक तास आम्हाला मिळू नये?

आणि मैदानात धोका फक्त कुत्र्यांचाच आहे का? मागच्या वर्षी लेदर बॉल लागून माझ्या भुवईला चार टाके पडले. बोलरला कोणी पट्टा लावा म्हटलं नाही.

दादरकरीण:
त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवा असंही सांगितलंय. तेवढं वाचायचं राहिलं का? आणि बॉल आईच्या अंगावर दोन पाय ठेवून उभा राहत नाही.

कट्ट्यावरचा निवृत्त:
दोघांचंही पटतं, पण मूळ दुखणं वेगळं आहे. मैदानावर लाल माती आणून टाकली तेव्हापासून उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. माझ्या खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर बोट लाल होतं. पत्नीला दमा आहे. हिरवळ असती तर तुमच्या आईही इतक्या वाईट पडल्या नसत्या. मातीवर आधी बोला.

दादरकरीण:
काका, मातीबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे, निवेदनावर माझी सही आहे. पण आई मातीने पडली नाही.

मल्लखांबाची आई:
पाळीव कुत्र्यांवर एवढं लिहिताय, भटक्यांवर कोण बोलणार? माझा मुलगा नऊ वर्षांचा. समर्थ व्यायाम मंदिरातून संध्याकाळी येताना कट्ट्याजवळ पोटरीला चावा घेतला. तिथे एक बाई रोज वर्तमानपत्रावर भात टाकतात, सहा-सात कुत्री गोळा होतात, मुलगा मधून गेला एवढंच. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, तो किंचाळत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. मग जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांची सुई. नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी लसीची इंजेक्शनं. आता तो मल्लखांबाला जात नाही. चॅम्पियन होणार होता असं म्हणत नाही मी, पण त्याला ते आवडत होतं.

खाऊ घालणाऱ्या बाईंनी यावं आणि माझ्या मुलाला समजवावं.

रात्रपाळीची सिस्टर:
भात टाकणारी मी नव्हे, पण मीही खाऊ घालते, म्हणून उत्तर देते. मुलाचं वाचून पोटात कालवलं. ज्यांनी रस्त्यात भात टाकला त्यांचं चुकलंच.

पण खाऊ घालणं बंद केलं की कुत्री नाहीशी होतील हा समज काढून टाका. नसबंदीची गाडी येते तेव्हा अनोळखी कुत्रा दोन बिल्डिंगा पलीकडे पळतो. रोज हातचं खाणारा कुत्रा मी हाक मारली की येतो, म्हणून पकडला जातो. माझ्या भागातली अकरा कुत्री अशीच गेली आणि कानाला नसबंदीच्या खुणेची खाच घेऊन परत आली. लसही मीच टोचून घेते. पालिका १९९४ पर्यंत दरवर्षी हजारोंनी कुत्री मारत होती. संपली का? जागा रिकामी झाली की शेजारची येतात. १८३२ मध्ये इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा याच मुंबईत पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती. हा वाद तुमच्या-माझ्या आधीचा आहे.

मल्लखांबाची आई:
१८३२ चं काय सांगता, माझ्या मुलाचं यंदाचं सांगतेय. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलंय, रस्त्यावर कुठेही खाऊ घालायचं नाही, वॉर्डात ठरवून दिलेल्या जागीच. नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, स्टँड, स्टेशनं, क्रीडासंकुलं इथून कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका असंही म्हटलंय. शेकडो मुलं रोज जिथे खेळतात ते क्रीडासंकुल नाही तर काय?

रात्रपाळीची सिस्टर:
मग ठरवून दिलेली जागा दाखवा ना! वॉर्डात दोनदा अर्ज दिला, पोच आहे माझ्याकडे. जागा कुठेच नाही. नियम दोन्ही बाजूंना आहे, पण शिव्या फक्त आम्हाला. रात्री पावणेबाराला खाऊ घालायला येते तेव्हा सोसायटीतल्या पुरुषांनी मोबाइलचा उजेड तोंडावर मारलाय माझ्या. "एवढा पुळका आहे तर घरी ने." दहा बाय बाराच्या खोलीत अकरा कुत्री नेऊ?

दोन लॅबवाला:
बघा, आता कळलं? प्रश्न भटक्यांचा आहे. आमच्या कुत्र्यांना लस, परवाना, डॉक्टर सगळं आहे. विनाकारण आम्हाला धरलं.

रात्रपाळीची सिस्टर:
थांबा, तुम्ही इतक्यात सुटत नाही. माझी कुत्री पहाटे शांत झोपलेली असतात. तुमचे मोकळे लॅब त्यांच्या हद्दीत घुसतात तेव्हा भुंकाभुंकी सुरू होते, ती पुढचे दोन तास जो येईल त्याच्यावर निघते. साडेसहाला दूध आणायला निघालेल्या माणसावर जो कुत्रा धावतो त्याला साडेपाचला तुम्ही पेटवलेला असतो.

आणि भटके येतात कुठून? दिवाळीनंतर कट्ट्यामागे एक पॉमेरेनियन सापडली. गळ्याभोवती पट्ट्याने केस घासून गुळगुळीत झालेले. तीन दिवस ती पांढऱ्या गाड्यांच्या मागे धावत होती, नेमक्या पांढऱ्या. तिच्या मालकाची गाडी कुठल्या रंगाची हे मला कोणी सांगायला नको. चौथ्या दिवशी उचलून आणली. परवाना, डॉक्टर तिलाही असणारच.

दोन लॅबवाला:
असल्या लोकांशी माझी तुलना करू नका. आमच्या सिंबा नावाच्या कुत्र्याचे मागचे पाय गेले तेव्हा पाच महिने टॉवेलने त्याचं पोट उचलून मी त्याला दिवसातून चार वेळा खाली नेलंय. लिफ्ट नाही आमच्याकडे. मला जबाबदारी शिकवणाऱ्यांनी आधी तिसरा मजला चढून दाखवावा.

मल्लखांबाची आई:
तुमचं प्रेम कोणी नाकारत नाहीये. तुमच्या प्रेमाचा भार आम्ही का उचलायचा, एवढंच विचारतोय.

बर्लिनकर:
माझं बालपण केळुसकर रोडवर गेलं, आता बारा वर्षं बर्लिनला आहे. इथलं आदर्श म्हणून सांगत नाही, इथे भटका कुत्रा नसल्यात जमा, त्यामुळे तुलना अर्धीच लागू. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला १२० युरो कर भरावा लागतो. आणि मालकाला दायित्व विमा सक्तीचा आहे. माझ्या बीगलने एका सायकलवाल्याला पाडलं, मनगट मोडलं. विमा कंपनीने त्याचा खर्च दिला, मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, विषय मिटला. बागेत पट्टा लागतोच, मुलांच्या खेळाच्या जागी कुत्रा नेताच येत नाही. पण ग्रुनेवाल्डच्या जंगलात मोठा भाग कुत्री मोकळी सोडायला राखलाय. बांधायला सांगायचं तर सोडायला जागाही द्यायला हवी.

दादरकरणीला विचारतो, आईंच्या ऑपरेशनचा खर्च कोणी केला?

दादरकरीण:
आम्ही. मेडिक्लेममधून काही, उरलेला बाबांच्या ठेवीतून. त्याने फळं आणली होती.

कट्ट्यावरचा निवृत्त:
विष्ठेचंही बोला. २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याच्या घाणीला ५०० रुपये दंड आहे. मी रोज दोन तास कट्ट्यावर असतो, एकालाही पावती फाडताना पाहिलेलं नाही. घाण वाळून मातीत मिसळते आणि तीच माती आमच्या घरात येते. म्हणून म्हणत होतो, मातीचा विषय बाजूला नाही.

दोन लॅबवाला:
काका, मी पिशवी नेतो. खिशात कायम तीन असतात. पण हो, उचलत नाहीत ते आमच्यातलेच आहेत, मलाही लाज वाटते.

हे विम्याचं माहीत नव्हतं. इथे मिळतो का ते बघतो.

पट्ट्याचं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माझे लॅब हाकेसरशी परत येतात, पाच वर्षं शिकवलंय.

मल्लखांबाची आई:
समोर मांजर आलं तरी?

दोन लॅबवाला:
मांजर आलं तर नाही.

मल्लखांबाची आई:
आणि चिकन रोल खाणारं मूल आलं तर?

दोन लॅबवाला:
ठीक आहे. नाही. कबूल.

रात्रपाळीची सिस्टर:
मल्लखांबाच्या आई, मुलाला भात टाकणाऱ्यांनी समजवावं म्हणालात. मी येते. माझी एक म्हातारी कुत्री आहे, दात गेलेत, ती कुठे उठून जात नाही. त्याला लांबून बघू दे, दहा फुटांवरून. जवळ यायचा आग्रह मी करणार नाही. त्याची इच्छा नसेल तर तेही राहू दे.

मल्लखांबाची आई:
विचारून सांगते. शब्द देत नाही. आणि कट्ट्याजवळचा भात बंद व्हायलाच हवा, त्यावर मी मागे हटणार नाही.

रात्रपाळीची सिस्टर:
त्या बाईंशी मी बोलते. ओळखते मी त्यांना. मुलगा परदेशी असतो, एकट्या असतात, त्यांच्याशी आरडाओरडा करू नका एवढंच.

दोन लॅबवाला:
वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहितोय. पहाटे पाच ते सहा, मैदानाचा एक कोपरा दोरी लावून, कुत्री मोकळी. सहानंतर सगळे पट्ट्यात. भटक्यांच्या खाण्याच्या जागेचा मुद्दा सिस्टरांनी लिहून द्यावा. काका, मातीसाठी वेगळा अर्ज करू, एकत्र घातलं तर तिन्ही गोष्टी बारगळतील. दादरकरीण, तुमची सही मिळेल का?

दादरकरीण:
मिळेल. एक बदल करा. पावणेसहाला संपवा. पावणेसहापर्यंत शेवटचा कुत्रा पट्ट्यात असेल तर सहाला मैदान निवांत असतं. आई काठी घेऊन गच्चीत चालायला लागली आहे, कट्ट्यापर्यंत यायचं म्हणतेय, आणि ती सहालाच निघणार. वेळ बदल म्हटलं तर ऐकत नाही.

दोन लॅबवाला:
पावणेसहा. पंधरा मिनिटं गेली आमची. लिहितो.