मदत हवी आहे: हातातल्या बँडला आपण उभे आहोत की बसलो आहोत हे कळतं का?

सडा_आणि_समुद्र

नमस्कार मंडळी. फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच वापरणाऱ्यांकडून माहिती हवी आहे.

मालवणात माझं औषधांचं दुकान आहे. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या म्हणून डॉक्टरांकडे गेले. व्हेरिकोज व्हेन्स निघाल्या. घट्ट लांब मोजे लिहून दिलेत (ते मीच विकते, आता स्वतः घालते) आणि दिवसात उभं किती राहता, बसता किती, याचा अंदाज पुढच्या खेपेला आणायला सांगितलाय. आता हे मोजायचं कसं? सकाळी किल्ल्याच्या होड्या सुटायच्या आधी पर्यटकांची उलटीच्या गोळ्यांना रांग लागते, तेव्हा खाली टेकायला होत नाही. दुपारी सामसूम. संध्याकाळी पुन्हा तेच. बसते तेही काउंटरमागच्या उंच स्टुलावर.

हातातला बँड पावलं, नाडी, झोप सगळं सांगतो. पण मी काउंटरशी ताटकळत असताना हाच थरथरून म्हणतो, 'बराच वेळ बसलात, जरा उठा!' आणि स्टुलावर बसून माल लावत असले की पावलं वाढतात. सेटिंगमध्ये काही राहिलंय का? की महागडं घड्याळ घेतलं तर हे कळेल? उगाच खर्च नको.

खाडीपलीकडे

सेटिंगचा दोष नाही. बँडमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. त्याला दोन गोष्टी कळतात: हात कसा हलतोय आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी किती कललाय. तुम्ही काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहा किंवा टेबलावर हात ठेवून बसा, मनगट दोन्ही वेळा आडवंच. मग त्याने फरक करायचा तो कशावरून? म्हणून बहुतेक बँड 'बसलात' म्हणतात तेव्हा त्यांना 'पावलं पडली नाहीत' एवढंच म्हणायचं असतं. फिटबिटची आठवण तर उघडच पावलांवर चालते, तासाला २५० पावलं झाली नाहीत तर तास संपायच्या दहा मिनिटं आधी टोचते. गार्मिनचंही तसंच, तासभर हालचाल नाही दिसली की सांगतं.

रापण

अ‍ॅपल वॉचमध्ये मात्र 'स्टँड'चं (उभं राहण्याचं) वेगळं कडं आहे, स्क्रीनवर भरत जाणारं वर्तुळ. माझं तरी बऱ्यापैकी बरोबर भरतं.

खाडीपलीकडे

@रापण, ते कडं म्हणजे उभं राहिल्याची मिनिटं नव्हेत. तासाभरात किमान एक मिनिट उठून हालचाल केली की तो तास जमा, आणि असे १२ तास झाले की कडं पूर्ण. ताईंनी तासभर उभं राहून एकच मिनिट हालचाल केली तरी एक तास, आणि तासभर बसून एक मिनिट फेरी मारली तरी एकच तास. त्यांच्या डॉक्टरांच्या प्रश्नाला याचा उपयोग शून्य.

गजालीकार

अगो, तू उभी रवतंस की बसतंस ता घड्याळाक कित्याक विचारतंस? समोरच्या चायवाल्याक विचार, तो दिवसभर तुझ्याकडेच बघता!

(हलकेच घे.)

काजूबोंडू

काही घड्याळांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, जिने मोजायला. त्यावरून नाही का कळणार? उठलं की हात वर जातोच की.

खाडीपलीकडे

कल्पना चांगली आहे, पण समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कलने उतरतो. बसल्याचे उभे राहिलात तर मनगट जेमतेम हात-दीड हात वर जाणार. मालवणात दुपारचं वारं सुटलं, दुकानाचं दार उघडलं, पंखा लावला, एवढ्यानेही तेवढा फरक पडू शकतो. जिना तीनेक मीटरचा असतो, तो कळतो. स्टूल कळणं कठीण.

खरं उत्तर मांडीत आहे. उभं राहिलं की मांडी उभी, बसलं की आडवी. संशोधनात म्हणूनच मांडीला चिकटवायचं अ‍ॅक्टिव्हपाल नावाचं छोटं यंत्र वापरतात, ग्लासगोच्या कंपनीचं. ते तुम्ही विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या फोनमध्ये तोच सेन्सर आहे. 'फायफॉक्स' हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फुकट अ‍ॅप घ्या, त्यात गुरुत्वाकर्षणासहित त्वरण मोजायचा पर्याय निवडा आणि फोन पॅन्टच्या पुढच्या खिशात उभा ठेवा. उभ्या असाल तेव्हा आलेखात फोनच्या लांबीच्या अक्षावर साधारण ९.८ (गुरुत्वाकर्षणाचं पूर्ण त्वरण) दिसेल, खुर्चीत बसलात की शून्याजवळ येईल.

सडा_आणि_समुद्र

खिसा हीच अडचण आहे हो. पंजाबी ड्रेसला खिसा कुठला! वरच्या पांढऱ्या कोटाला आहे, पण तो लोंबतो.

खाडीपलीकडे

कोटाचा चालणार नाही, तो मांडीबरोबर कलत नाही. तुमच्याच दुकानातलं क्रेप बँडेज घ्या आणि फोन मांडीच्या पुढच्या बाजूला बांधा. फार घट्ट नको, आधीच शिरांचं दुखणं आहे. दिवसभर तर नकोच, बॅटरी उतरेल आणि आकड्यांचा डोंगर होईल. सकाळच्या गर्दीतला अर्धा तास आणि दुपारचा अर्धा तास पुरे.

आणि तुमचं ते उंच स्टूल! त्यावर मांडी धड उभी नाही, धड आडवी नाही. तयार यंत्रं अशा वेळी गोंधळतात, कारण त्यांना उभं किंवा बसलेलं यातलं एकच काहीतरी ठरवायचं असतं. तुम्ही कच्चे आकडे बघणार, त्यामुळे मांडी ४५ अंशांत असली तर सातच्या आसपास तिसरीच पातळी वेगळी दिसेल.

फणसगरा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिरांसाठी उभं किती एवढंच बघू नका, न हलता उभं किती ते बघा. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. चालताना ते आपोआप होतं, एका जागी खिळलं की होत नाही. काउंटरशी उभ्या असताना टाचा वर-खाली करत राहा. बँडची पावलं इथे थोडी कामाची आहेत: आलेखातली रेघ उभं असल्याचं सांगते पण पावलं नाहीत, असा वेळ वेगळा काढून डॉक्टरांना दाखवा.

सडा_आणि_समुद्र

बांधून बघितलं! सकाळच्या गर्दीत रेघ ९.८ च्या आसपास नुसती थरथरतेय, खाली येतच नाही. स्टुलावर सातच्या जरा खाली. आलेखाचे फोटोच डॉक्टरांना दाखवते. टाचांचंही सुरू केलंय, गिऱ्हाइकं बघतात, बघोत. फक्त फोन बांधलेला असताना सारखे घाऊक वाल्यांचे कॉल येतात. घरात जुना बिनसिमचा फोन पडलाय, तो चालेल का?

खाडीपलीकडे

चालेल. सेन्सरला सिम लागत नाही. अ‍ॅप घरच्या वायफायवर उतरवून घ्या, मोजताना नेट नसलं तरी चालतं.