प्रतिसाद: बीडीएसनंतर (दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीनंतर) एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी)?

'बीडीएसनंतर एमपीएच म्हणजे दोन वर्षं पाण्यात,' असं वर कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटलं. एमडी पीएसएमला (डॉक्टरांची याच विषयातली एमडी) एमबीबीएस आणि नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते. एमपीएचला बीडीएस, बीएएमएस, नर्सिंगवालेही चालतात. फक्त प्रवेशाआधी फील्डवर्क किती ते विचारा.

नागपूरजवळच्या एका गावात मी सिकलसेल (आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) तपासणीला बसले होते. नळीतलं रक्त घातलेलं द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे खात्रीची रक्तचाचणी. हे तासाभरात जमलं. घाम फुटला तो लग्न ठरलेल्या पोरीच्या आईला समजावताना. (दातांचं बरं, ते बोलत नाहीत.)

पगाराचं म्हणाल, तर एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) जागा कंत्राटी असतात. घरी आधीच सांगून ठेवा बाप्पा.