मदत हवी आहे: घरच्या ट्रॅकरवर सीड दिसतो, पण घराबाहेर अपलोड शून्य

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात घरी रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') वर ओपनट्रॅकर लावलाय, म्हणजे टॉरेंटने फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांना एकमेकांचे पत्ते कळवणारा ट्रॅकर. जत्रेतल्या दशावतारी प्रयोगांचं चित्रीकरण मंडळाच्या परवानगीने मुंबईतल्या चाकरमान्यांना पोचवायचंय. एका प्रयोगाची फाइल १४ जीबीची आहे, त्यामुळे व्हॉट्सअॅप आणि फुकटचं क्लाउड दोन्ही बाद.

मांडणी अशी: फायबरचा ओएनटी (कंपनीचा फायबर मोडेम) ब्रिज मोडमध्ये, त्यामागे आमचा राउटर, पीपीपीओई (कंपनीकडचं लॉगिन) राउटरवरच. पाय १९२.१६८.१.१० वर, सीड करणारा (पूर्ण फाइल वाटणारा) लॅपटॉप १९२.१६८.१.२० वर, दोन्ही पत्ते राउटरमध्ये राखून ठेवलेत. लॅपटॉपवर क्यूबिटटॉरेंट हा टॉरेंट क्लायंट, पोर्ट ५१४१३. राउटरवर ६९६९ (ट्रॅकरचा पोर्ट) पायकडे आणि ५१४१३ लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलंय, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. टॉरेंट प्रायव्हेट आहे, अनाउन्सचा (क्लायंट ट्रॅकरला हजेरी कळवतो तो) पत्ता डायनॅमिक डीएनएसच्या (बदलत्या सार्वजनिक पत्त्याला कायम नाव देणारी सोय) नावाने, एचटीटीपीवर. राउटरला हेअरपिन (घरातून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर जाऊन परत आत येणं) जमत नाही, म्हणून घरातल्या डीएनएसमध्ये तेच नाव थेट १९२.१६८.१.१० ला वळवलंय.

डोंबिवली आणि ठाण्याच्या दोघांना ट्रॅकर 'वर्किंग' दिसतो, सीड १ दिसतो, पण डाउनलोड शून्यावरून हलत नाही. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर तीच टॉरेंट सुसाट उतरते. फायरवॉल बंद करून पाहिली, फरक नाही. नेमकं कुठे अडतंय?

गलबत
आधी एक शंका बाजूला काढू. असं झालं की बहुतेक जण सीजीनॅटवर (कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत) खापर फोडतात: राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असला की पोर्ट फॉरवर्डचा उपयोग नसतो. पण डोंबिवलीचा माणूस तुमच्या पायपर्यंत पोचतोय, म्हणजे ६९६९ बाहेरून आत येतंय. सीजीनॅट असतं तर ट्रॅकरसुद्धा 'वर्किंग' दिसला नसता.

आता दोन गोष्टी बघून सांगा. क्यूबिटटॉरेंट चालू ठेवून मोबाइल डेटावरून ५१४१३ उघडं आहे का ते तपासा. क्लायंट बंद असताना तपासलंत तर पोर्ट बंदच दिसणार, इथे पुष्कळ जण फसतात. दुसरं, पायवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून पोर्ट ६९६९ वर येणाऱ्या पॅकेटचे मूळ पत्ते बघा, नावं न उकलता नुसते आकडे. मग लॅपटॉपवर 'फोर्स रीअनाउन्स' दाबा आणि ती ओळ कुठल्या पत्त्यावरून आली ते इथे लिहा.

खाडीकाठ
५१४१३ उघडं आहे, मोबाइल डेटावरून खात्री केली. टीसीपीडंपमध्ये डोंबिवली आणि ठाणे त्यांच्या सार्वजनिक पत्त्यांवरून येतायत. आमचा लॅपटॉप १९२.१६८.१.२० वरून.

सुरंगी
मग दुखणं सापडलं. ट्रॅकर फाइलला हात लावत नाही, तो फक्त पत्त्यांची वही आहे. अनाउन्स ज्या पत्त्यावरून आला तोच तो वहीत लिहितो. तुमचा लॅपटॉप घरातल्या घरात पायशी बोलला, म्हणून वहीत खाजगी पत्ता पडला. डोंबिवलीला जाणाऱ्या उत्तरात प्रत्येक पीअरसाठी (फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या क्लायंटसाठी) सहा बाइट असतात, चार पत्त्याचे आणि दोन पोर्टचे. तुमच्या सीडचे असे जातायत:

१९२, १६८, १, २०, २००, २१३

शेवटचे दोन म्हणजे २०० × २५६ + २१३ = ५१४१३. पोर्ट अगदी बरोबर, पत्ता मात्र तुमच्या घराच्या भिंतीआडचा. डोंबिवलीचा लॅपटॉप त्याच्याच घरात १९२.१६८.१.२० शोधत बसतो. तुमच्या घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला तो पत्ता खराच सापडतो, म्हणून तिथे सुसाट.

'मग आमचा सीड का त्यांना जोडून घेत नाही?' असं मनात येईल. त्यांचे खरे पत्ते तुमच्या लॅपटॉपला मिळतात, पण ते दोघे बहुधा सीजीनॅटमागे आहेत, बाहेरून आत यायला वाट नाही. दोघांपैकी एकाचं तरी दार उघडं लागतं. तुमचं उघडं आहे, पण त्याचा पत्ताच त्यांना कळत नाही.

हेअरपिन जमणारा राउटर आणून हे सुटेलच असं नाही. त्यात सहसा अनाउन्स १९२.१६८.१.१ वरून आलेला दिसतो, म्हणजे वहीत राउटरचा खाजगी पत्ता.

उपाय: क्यूबिटटॉरेंटच्या 'अॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये ट्रॅकरला कळवायचा आयपी पत्ता असा रकाना आहे. त्यात तुमचा सार्वजनिक पत्ता भरा आणि क्लायंट पुन्हा सुरू करा. पण नुसतं एवढ्याने भागत नाही. क्लायंटने कळवलेला पत्ता ओपनट्रॅकर एरवी मानत नाही. त्याच्या मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांची फाइल) 'वाँट आयपी फ्रॉम क्वेरी स्ट्रिंग' ही ओळ टिप्पणीची खूण लावून बंद ठेवलेली असते. ती खूण काढून ट्रॅकर पुन्हा बांधावा लागतो. अनाउन्स एचटीटीपीवरच ठेवा.

ही सोय उघडी केली की कोणीही कोणाचाही पत्ता वहीत घुसवू शकतो. म्हणून त्याच वेळी व्हाइटलिस्टही (परवानगी असलेल्या टॉरेंटची यादी) लावा: ओळीला एक, ४० अक्षरी इन्फोहॅश (टॉरेंटची ओळखखूण), फक्त तुमच्या टॉरेंटचे. हे टाळू नका.

नवा ट्रॅकर चढवताना जुना बंद होईल तेव्हा जुनी वहीही पुसली जाईल, कारण ओपनट्रॅकर ती मेमरीतच ठेवतो. मग तिघांनी रीअनाउन्स करा, नाहीतर नेहमीच्या अंतराने अर्धा तास वाट बघावी लागेल. या बदलानंतर घरातला दुसरा लॅपटॉप कदाचित जोडला जाणार नाही. त्याला फाइल पेनड्राइव्हने द्या.

खाडीकाठ
पुन्हा बांधला, पत्ता भरला, व्हाइटलिस्ट लावली. दोघेही लगेच जोडले गेले! पण वेग दोघांना मिळून ३०-४० केबी, मध्येच थांबतो. अपलोड मोजला तर २० एमबीपीएस भरतो. मर्यादा काहीच लावलेली नाही. सुपर सीडिंग चालू आहे, पहिल्यांदा वाटताना तेच लावतात असं वाचलं होतं.

गलबत
सुपर सीडिंग आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यात सीड एकाला एक तुकडा देतो आणि तो दुसऱ्याकडे पोचलेला दिसेपर्यंत पुढचा तुकडा देताना हात आखडता घेतो. डोंबिवली आणि ठाणे दोन्ही बंद दारामागे असतील तर ते एकमेकांना जोडूच शकत नाहीत, तुकडा पुढे सरकत नाही आणि सीड वाट बघत राहतो. पाच-दहा जण असून त्यातले काही उघड्या पोर्टवर असले तरच ती पद्धत कामाची.

मर्यादा मात्र लावा. २० एमबीपीएसच्या ८० टक्के धरा. रकाना किलोबाइटमध्ये आहे, त्यात २००० भरा. ते साधारण १६.४ एमबीपीएस होतात. अपलोडची वाट गच्च भरली की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि घरातलं सगळं नेट रडायला लागतं. या वेगाने १४ जीबीची एक प्रत बाहेर जायला जवळजवळ दोन तास. दोघे एकमेकांना देऊ शकत नाहीत, म्हणून दोन्ही प्रती तुमच्याच लाइनवरून जाणार: चार तास धरा.

सुरंगी
एक राहिलं. पावसात वीज गेली की पीपीपीओई तुटतो आणि परत आल्यावर सार्वजनिक पत्ता बदललेला असू शकतो. डायनॅमिक डीएनएस आपोआप सुधारेल, पण क्यूबिटटॉरेंटच्या रकान्यात जुनाच पत्ता राहील आणि अपलोड पुन्हा शून्य. पत्ता बदलला की क्यूबिटटॉरेंटच्या वेब एपीआयमधून (स्क्रिप्टने सेटिंग बदलायची सोय) तो रकाना भरणारी छोटी स्क्रिप्ट पायवर लावता येते. ओएनटी आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. दोन्हींच्या अॅडॅप्टरवरचे अँपिअर वाचून मिनी यूपीएस घ्या, म्हणजे छोट्या झटक्यात लाइन तुटणार नाही.

त्यापेक्षा टिकाऊ मार्ग म्हणजे ट्रॅकर बाहेरच्या एखाद्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर) नेणं. ५१२ एमबी रॅम पुरते, कारण फाइल तिथून जातच नाही. लॅपटॉप मग घराबाहेर जाऊन अनाउन्स करेल, खरा पत्ता आपोआप वहीत पडेल. रकाना रिकामा, मेकफाइल मूळची, ६९६९ चा फॉरवर्डही काढून टाका. घरी फक्त ५१४१३ उघडं ठेवा.

खाडीकाठ
सुपर सीडिंग बंद, मर्यादा २०००. डोंबिवली १.१ एमबी, ठाणे ०.८ एमबी, गेला अर्धा तास स्थिर. हा प्रयोग असाच जाऊ देतो, पुढच्यापासून ट्रॅकर व्हीपीएसवर. अनाउन्सचं डोमेन तेच ठेवून फक्त पत्ता वळवतो, म्हणजे दिलेल्या टॉरेंट फाइली बदलाव्या लागणार नाहीत. घरातल्या डीएनएसमधली ती जुनी नोंदही लगेच काढतो.