मदत हवी आहे: कोळशावरचे लेग पीस बाहेरून करपतात, हाडाशी कच्चे राहतात

नमस्कार. गेले काही महिने आमच्या घरी रविवारचा एक क्रम छान बसला आहे. ऊन चढायच्या आत परसातली कामं उरकायची, म्हणजे नवरा गवत कापतो, मी खुरपं घेऊन तण काढते, लेक पाला गोळा करते. मग तिथेच ग्रिल पेटवायची आणि दुपारचं जेवण बाहेर. बाबा खुर्ची टाकून बसलेले असतात, छाटलेल्या फांद्यांच्या बारीक काटक्या करून देतात. एरवी आम्ही चौघं चार वेळांना जेवतो, त्यामुळे हा दिवस मला फार जपावासा वाटतो. म्हणून जरा सविस्तर विचारते आहे.

कणसं, बटाटे, सिमला मिरची यांचं काही अडत नाही. घोळ होतो तो चिकनच्या लेग पीसमध्ये. गेल्या रविवारी बाबांनी पीस मोडला, तर वरून काळाकुट्ट आणि हाडाजवळ मांस गुलाबी, बुळबुळीत. ते काही बोलले नाहीत, ताट फक्त बाजूला सरकवलं. लेकीने तोवर दोन घास खाल्ले होते. पुढचे दोन दिवस माझं सगळं लक्ष तिच्या पोटाकडे होतं. सुदैवाने काही झालं नाही.

आमची ग्रिल गोल, झाकणाची आहे. हवेसाठी एक झडप खाली, एक झाकणावर. कोळसा साधा लाकडी, दाबून केलेल्या वड्यांचा नाही. पेटवायला कागद आणि काटक्या, रॉकेल अजिबात नाही, कारण त्याचा वास मांसात उतरतो. मी कोळसा सगळ्या तळाला पसरवते आणि ज्वाळा बसल्या की लगेच पीस ठेवते. पाचेक मिनिटांत कातडीखालची चरबी टपकायला लागते आणि भडका उडतो. झाकण लावलं की हवा तुटून भडका बसतो, उघडलं की पुन्हा तेच. पंधरा मिनिटांत बाहेरची बाजू गेलेली असते.

मसाल्यात मी मध घालत होते. साखर लवकर करपते हे ध्यानात आल्यावर मध शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने लावायला लागले. रंग सुधारला, आतलं कच्चेपण तसंच.

मग टोचायचा थर्मामीटर आणला. परवा गॅसवर नाही, मुद्दाम ग्रिलवरच दोन पीस करून पाहिले. बाहेरून खरपूस दिसत असताना सर्वांत जाड भागात, हाडाला टोक न लावता, आकडा आला 58. चिकन आतून किमान 74 अंश सेल्सियसला पोचायला हवं, म्हणजे अजून बराच पल्ला होता. हाडाजवळचा गुलाबी रंग मज्जेमुळे पूर्ण शिजल्यावरही राहू शकतो, तेव्हा नुसत्या रंगावरून ठरवणं मी सोडलं आहे.

आता असं करायचं डोक्यात आहे: कोळशावर राखाडी थर धरेपर्यंत थांबायचं, सगळे निखारे एका बाजूला ओढायचे, पीस दुसऱ्या बाजूला ठेवून झाकण लावायचं आणि अगदी शेवटी दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांवर आणून कातडी कुरकुरीत करायची. यात सुमारे पाऊण तास जाईल असा माझा अंदाज. लाकडी कोळसा तेवढा टिकतो का? मध्येच घालावा लागला तर बाजूला वेगळा पेटवून घालायचा की तसाच? झाकणावरची झडप मांसाच्या बाजूला ठेवली तर गरम हवा मांसावरून ओढली जाईल असं मला वाटतं. कोणी करून पाहिलं आहे का? आणि आच कमी करायची तर खालची झडप लोटायची की वरची?

दुसरं, काटक्यांबद्दल. परसातल्या फळझाडाची छाटणी झाली आहे, त्या फांद्या धुरासाठी वापराव्यात अशी बाबांची फार इच्छा आहे. ओल्या फांद्या नुसत्या धुमसतात आणि मांसाला कडवट चव येते, हे अनुभवलं. किती महिने वाळवाव्यात, साल काढावी का? इथे एक गोष्ट सगळ्यांना सांगते. त्या दिवशी लेकीने आणलेल्या मोळीत कुंपणाच्या कण्हेरीच्या तीन काड्या निघाल्या. लांबट पानं तशीच चिकटलेली होती म्हणून नजरेत आल्या. कण्हेर सगळीच विषारी असते, तिचा धूरही. आता मी प्रत्येक काटकी बघूनच बाजूला ठेवते आणि कण्हेरीची छाटणी वेगळ्या दिवशी करतो.

राहिली राख. ती दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, कारण वरून थंड दिसली तरी आत निखारा जिवंत असतो आणि आमच्याकडे वाळक्या पाल्याचा ढीग असतोच. लाकडी कोळशाची राख झाडांना थोडी चालते हे माहीत आहे, पण हिच्यात चरबी टपकलेली असते. ती कंपोस्टमध्ये घालता का तुम्ही?

ग्रिलखालचं गवत वर्तुळाकार जळालं आहे, तिथे आता फरशा टाकणार आहोत, त्यामुळे त्याची काळजी नाही. चिकनचं आणि झडपांचं मात्र शनिवारपर्यंत कोणी सांगू शकलं तर फार मदत होईल. बाबांना या वेळी पहिला पीस मोडून, आकडा बघून मगच वाढणार आहे.