तळघरात सारखं खट् खट्: विहिरीचा पंप गेलाय का?

प्रेषक: सु., रॅरिटन टाउनशिप

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात आम्ही एडिसनचं अपार्टमेंट सोडून इकडे न्यू जर्सीतच हंटरडन काउंटीत आलो. मागे दीड एकर, हरणं येऊन टोमॅटो खाऊन जातात, सगळं झकास. पाणी टाउनशिपचं नाही, घरची विहीर आहे, हे घर घेतानाच सांगितलं होतं. ते कानावर पडलं होतं, डोक्यात आत्ता शिरतंय.

भाजी धुवायला नळ सोडला की तळघरातून खट् असा आवाज येतो. मग नळ चालू असेपर्यंत दर दहा-बारा सेकंदांनी खट्, खट्. शॉवर आधी धो धो, मग करंगळीएवढी धार, परत धो धो. त्यात गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास. प्लंबर आला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला पंप गेला, नवा टाकू, साडेचार हजार डॉलर.

गणपतीला पन्नास माणसं यायची आहेत. हो म्हणू का? या ईमेल यादीवर आणखी कुणाकडे विहीर आहे?


प्रेषक: वि., ट्यूक्सबरी

सु., अजिबात हो म्हणू नकोस. निदान उद्यापर्यंत तरी.

विहिरीच्या घरात मला सव्वीस वर्षं झाली. पंप गेला असता तर शॉवरला धो धो पाणी आलंच नसतं. तो खट् आवाज पंपाचा नाही, प्रेशर स्विचचा आहे. तळघरात कमरेएवढी निळी किंवा राखाडी टाकी असेल. तिच्या आत रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पंप पाणी आत ढकलतो, हवा दाबली जाते, आणि नंतर बराच वेळ तीच दाबलेली हवा पाणी नळापर्यंत ढकलत राहते. बहुतेक घरांत स्विच ४० पीएसआयला (टायरच्या हवेचं असतं तेच दाबाचं माप) पंप लावतो आणि ६० ला बंद करतो. हवा गेली किंवा पडदा फाटला की टाकी नुसती पाण्याने भरलेली राहते. पाण्याला काही दाबता येत नाही, त्यामुळे दोन तांबे घेतले की ४०, क्षणात ६०, परत ४०. पंप जमिनीखाली शंभर-दोनशे फुटांवर लटकलेला असतो आणि मोटर तापते ती मुख्यतः सुरू होताना. म्हणजे पंप आज ठीक असेलही, पण तुझी ही खटखट त्याला मारणार.

आता टाकीच्या डोक्यावरचं प्लास्टिकचं बूच काढ. खाली गाडीच्या टायरला असतो तसा व्हॉल्व्ह दिसेल. नखाने त्याची पिन दाब. हवा आली तर नुसती हवा भरून काम भागेल. पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी बदल. स्विचच्या झाकणाला मात्र हात लावू नकोस, आत २४० व्होल्ट असतात.

हवा भरायची झाली तर आधी पंपाचा ब्रेकर पाड, खालच्या तोटीने टाकी पूर्ण रिकामी कर, मग टायरचा गेज लाव. स्विच ४० ला लागणारा असेल तर हवा ३८ हवी, दोनने कमी. टाकीत पाणी असताना मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. मी हे दर वर्षी नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे करायच्या रविवारी करतो, त्यामुळे विसरत नाही.

आणि बाहेर जाऊन विहिरीचं तोंड बघून ये. आपण विहीर म्हणतो, पण ती सहा इंची बोअर आहे. लोखंडी पाइप जमिनीच्या वर किमान फूटभर दिसला पाहिजे आणि टोपण घट्ट हवं. आमच्या आधीच्या मालकाने दिसायला वाईट दिसतं म्हणून भोवती मल्च, म्हणजे झाडांच्या बुडाशी घालतात तो लाकडाचा चुरा, रचून तो पार पुरून टाकला होता. मी टोपण उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ.


प्रेषक: मा., फ्लेमिंग्टन

वि. काकांचं टाकीचं म्हणणं अगदी बरोबर. पण सु., तू पंपाचं विचारलंस, पाण्याचं विचारलंच नाहीस. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली, म्हणून राहवत नाही.

न्यू जर्सीत सप्टेंबर २००२ पासून विहीर असलेलं घर विकताना पाणी तपासावंच लागतं आणि घेणारा-देणारा दोघांनाही रिपोर्ट पाहिल्याची सही करावी लागते. तेव्हा तुझ्या क्लोजिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या, फायलीत तो कागद आहेच. काढ आणि आर्सेनिकची, म्हणजे सोमलाच्या विषाची, ओळ वाच. आपल्या भागातल्या खडकातच आर्सेनिक आहे, कुणी टाकलेलं नाही. देशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, आपल्या राज्याची २००६ पासून ५. कायदा फक्त तपासायला लावतो, आकडा वर गेला तरी उपाय करायला लावत नाही. त्यामुळे कागद फायलीत जातो आणि तिथेच राहतो. पुढे वर्षातून एकदा कोलिफॉर्म जंतू आणि नायट्रेट यांची तपासणी स्वतःहून करून घ्यायची, तिथे कुणी नोटीस पाठवत नाही.

नमुना घेताना लॅबने दिलेली बाटली धुवू नकोस. तळाशी थोडी पांढरी पूड असते, ती मुद्दाम घातलेली असते. नळाची जाळी काढ, पाणी थोडा वेळ वाहू दे, टोपणाच्या आत बोट लावू नकोस. लोक स्वच्छतेपायी बाटली विसळून आणायचे आणि आम्ही परत पाठवायचो.

कोलिफॉर्म निघालंच तर बिनवासाच्या ब्लीचने विहीर धुता येते. किती घालायचं ते खोलीवर ठरतं, काउंटीच्या आरोग्य खात्याला विचार. सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) आणि फिल्टर आधी बायपास कर. दुसऱ्या दिवशी ते क्लोरीनचं पाणी बाहेरच्या होजने सोड. घरच्या सांडपाण्याच्या सेप्टिक टाकीत गेलं तर तिथले कामाचे जंतू मरतात.

अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला असेल तर दोष विहिरीचा नाही, हीटरची टाकी गंजू नये म्हणून आत असते त्या मॅग्नेशियमच्या कांडीचा. अॅल्युमिनियम-झिंकची मिळते, ती बसव.


प्रेषक: श., एडिसन

आमच्या साताऱ्याच्या वाड्यातल्या आडात आजोबा चिमूटभर पोटॅश टाकायचे आणि पाणी साफ ठेवायला एक कासव सोडलेलं होतं. लॅब नाही, गेज नाही, आजी नव्वद वर्षं जगली. उकळून प्या हो, काय होतंय!


प्रेषक: मा., फ्लेमिंग्टन

श. दादा, सहा इंची पाइपात बसेल असं कासव मिळालं तर कळवा.

उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक तसंच राहतं आणि पाणी आटलं की उलट दाट होतं. सॉफ्टनरनेही जात नाही. चवीला काही नाही, वास नाही, रंग नाही.


प्रेषक: सु., रॅरिटन टाउनशिप

काका, पिन दाबली. पाण्याची चिळकांडी थेट चष्म्यावर! मुलगा जिन्यावर बसून हसत होता. दुसऱ्या प्लंबरकडून टाकी बदलून घेतली, तिच्यात आधी ३८ हवा भरून घेतली, प्लंबर माझ्याकडे बघतच राहिला. साडेआठशे डॉलर झाले. आता आम्ही दोघं पाठोपाठ अंघोळ करतो तरी पंप दोनदाच लागतो. तळघर इतकं शांत झालंय की पहिल्या रात्री मीच उठून खाली जाऊन आले, चालू आहे ना बघायला.

ताई, फाइल काढली. कोलिफॉर्म नाही. आर्सेनिक ७.२. समोर 'मर्यादेपेक्षा जास्त' छापलेलं, आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या. त्या दिवशी साठेक कागदांवर सह्या केल्या होत्या, त्यातलाच हा. दहा महिने आम्ही हेच पाणी पितोय, आणि येईल त्याला सांगतोय की आमच्या विहिरीचं पाणी किती गोड.

सध्या दुकानातून कॅन आणतोय. स्वयंपाकघराच्या सिंकखाली आरओ पुढच्या आठवड्यात बसेल, महिन्याभराने त्याचंही पाणी तपासायला देणार. एकच शंका: फ्रिजच्या बर्फाची नळी वेगळी आहे, तीही आरओला जोडायची का?


प्रेषक: मा., फ्लेमिंग्टन

जोडायची. बहुतेक जण तीच विसरतात. अंघोळ आणि धुणंभांडी आहे त्या पाण्यावर चालू दे. भाताचं आणि उकडीचं पाणी आरओचं घे.


प्रेषक: वि., ट्यूक्सबरी

शाब्बास. आता गणपतीचं. पन्नास माणसं म्हणजे त्या दिवशी धुण्याचं मशीन अजिबात लावू नकोस, सेप्टिकवर आधीच भार असेल. आणि आदल्या रात्री एक बाथटब भरून ठेव. इथे वीज गेली की पंप बंद, पंप बंद की फ्लशसुद्धा नाही. २०१२ च्या सँडी वादळात आम्ही आठ दिवस मुलांच्या खेळण्यातल्या बादल्यांनी टबातलं पाणी काढत होतो.

आरतीला किती वाजता यायचं ते कळव.