मदत हवी आहे: छोट्या व्हिडिओ गेमसाठी मुंबईची गोष्ट कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा एक मित्र मिळून एक छोटा व्हिडिओ गेम करतोय. प्रोग्रॅमिंग तो बघतो, चित्रं दोघांत वाटून घेतलीत आणि लिखाण सगळं माझ्याकडे. दोघंही नोकरी करतो, त्यामुळे जे काही होतं ते रात्री आणि रविवारी. गेम मराठीतच करायचा, मुंबईतला करायचा आणि तास-दीड तासात खेळून संपेल एवढाच ठेवायचा, हे ठरलेलं आहे. इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, गोडो घेतलंय. (मराठीत गेम करू बघणाऱ्यांसाठी: गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जायच्या. २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि देवनागरी नीट उमटायला लागली. ती नसती तर आम्ही या वाटेला गेलो नसतो.)

अडलंय ते गोष्टीपाशी. गोष्टी सुचत नाहीत असं नाही. सुचतात, पण त्या कथा म्हणून बऱ्या वाटतात आणि गेम म्हणून उभ्या राहत नाहीत. खेळणाऱ्याच्या हाताला काही कामच नसतं. तो बटण दाबतो, पुढचा संवाद येतो, पुन्हा बटण दाबतो. मग त्यापेक्षा मी सरळ कथाच का लिहू नये?

उदाहरण देतो. पहिली कल्पना चाळीतल्या खोलीची. पुनर्विकासात चाळ पाडणार म्हणून नातू आजोबांची खोली रिकामी करायला येतो. लोखंडी ट्रंक, पितळी डबे, भिंतीतलं फडताळ आणि एकेका वस्तूतून उलगडत जाणारं घर. ही गोष्ट मला अजूनही आवडते. पण खेळणारा काय करतो? खण उघडतो, पत्र वाचतो, पुढचा खण उघडतो. २०१३ च्या 'गॉन होम' या गेममध्येही रिकाम्या घरात फिरत कागद वाचायचे असतात, पण घरात कोणीच का नाही, काहीतरी वाईट घडलंय का, ही धास्ती तिथे आपल्याला खोलीखोलीतून ओढत नेते. आमच्या चाळीचं काय होणार हे पहिल्या मिनिटालाच माहीत असतं.

दुसरी कल्पना २६ जुलै २००५ ची. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, फोन लागत नाहीत आणि ऑफिसातून निघालेला माणूस पाण्यातून चालत घरी निघालाय. इथे निर्णय खरे आहेत. रुळांवरून जायचं की रस्त्याने? थांबलेल्या बसमध्ये रात्र काढायची की पुढे सरकायचं? वाटेत भेटलेल्या, घराकडे निघालेल्या शाळकरी मुलीला सोबत घ्यायचं का? गेम म्हणून ही कल्पना सगळ्यात जवळ आली होती. पण त्या दिवशी माणसं गेली आणि त्यांच्या घरचे लोक याच शहरात राहतात. चुकीचं वळण घेतलं, बुडालात, 'पुन्हा खेळा' असं बटण मला त्या दिवसावर लावायचं नाही. ही कल्पना मी मनापासून बाजूला ठेवली आहे.

तिसरी १८९६ च्या प्लेगची. मांडवीत साथ सुरू झाली, मग घराघरांच्या झडत्या, रोग्यांना इस्पितळात हलवणं, स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी. आणि रोगी लपवणारी कुटुंबं. यात ताण आहे, निर्णय आहेत, सगळं आहे. पण लिहायला घेतलं की ते 'पेपर्स, प्लीज' या गेमची मुंबई आवृत्ती वाटायला लागतं.

मला नेमकं काय हवंय ते त्या गेमवरूनच सांगता येईल. लुकास पोप यांनी तो २०१३ मध्ये केला आणि प्रवासात पासपोर्ट तपासणारे अधिकारी बघून त्यांना तो सुचला होता. तुम्ही सरहद्दीवरचे कारकून. कागद तपासायचे, शिक्का मारायचा, माणशी पैसे मिळतात आणि संध्याकाळी त्या पैशात अन्न, उब, औषध, भाडं बसवायचं. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. मागून बायको येते, तिचा परवाना नाही. तिला सोडायचं की परत पाठवायचं हे कोणी तुम्हाला संवादात विचारत नाही, शिक्का तुमच्या हातात असतो. किंवा २०२३ चा 'वेनबा' घ्या. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईकडून आलेली पाककृतींची वही, पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. इडलीपात्र कसं लावायचं ते अंदाजाने शोधायचं. स्वयंपाक करता करताच घर कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

असं एखादं काम मला मुंबईत हवंय, ज्यात हाताने जे करायचं तीच गोष्ट असेल. डबेवाल्यांचा विचार करून झाला. डब्यावरच्या खुणांवर सुंदर कोडी होतील, पण मला तिथे माणसाची कोंडी सापडत नाही. कोणाला सापडली तर जरूर सांगा.

तर प्रश्न असे. तुमच्या घरात, शेजारात अशी कामं करणारी माणसं होती का, ज्यांना रोज कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही हे ठरवावं लागायचं? आणि अशा माणसांशी बोलताना काय विचारावं? मी विचारतो तेव्हा 'फार कष्ट केले बाबा' यापलीकडे गाडी जात नाही.

प्रतिसाद: शाईपेन

शेवटच्या प्रश्नाचं आधी बोलतो. आठवणी सांगा म्हटलं की माणूस भाषण करतो. त्याऐवजी विचारा, कामावर गेल्यावर पहिली वस्तू कोणती हातात घ्यायचात? ती संपली, मोडली तर काय करायचात? साहेब नसताना कोणता नियम मोडायचात? या तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात आणि मग खरं बोलायला लागतात.

माझे वडील गिरगावात छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. देवनागरीचे खिळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त, काने, मात्रा, जोडाक्षरं, सगळ्याचे वेगळे खण. एखादं अक्षर संपलं की त्या जागी दुसराच खिळा उलटा बसवून ठेवायचे, आधीचं पान छापून सुटलं की खरं अक्षर काढून तिथे घालायचे. वेळच नसेल तर मजकुरातला शब्दच बदलायचा, संपादकाला विचारून किंवा न विचारता. लग्नपत्रिका, मृत्यूची बातमी, निवडणुकीचं पत्रक, सगळं त्याच खिळ्यांतून. मोजकीच अक्षरं शिल्लक आहेत आणि कोणाचा शब्द बदलायचा हे तुम्ही ठरवायचं. यात तुमचा गेम आहे असं मला वाटतं.

प्रतिसाद: परळ_नाका

माझ्या आजीची लालबागला खाणावळ होती. एक खोली आणि पोटमाळा. जेवायला येणारे सगळे गिरणीतले, कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे, बायकामुलं गावी. तीन पाळ्या म्हणून तीन वेळा पंगती. पैसे पगार झाल्यावर, तोपर्यंत सगळं वहीत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आजीने जेवण बंद केलं नाही, कारण जो तो म्हणायचा, संप मिटला की देतो. पण वाण्याकडची उधारी आजीच्या नावावर होती. मग हळूहळू आमटी पातळ झाली, चपात्या मोजून आणि भात जास्त, मासे बंद. काहीजण सांगून गावी गेले. काहीजण न सांगता गेले आणि ट्रंक आमच्याकडेच राहिली. बदली कामगारांचे हाल सगळ्यात जास्त. त्यांना आधीही रोज गिरणीच्या गेटवर उभं राहून काम मिळेल की नाही ते बघावं लागायचं, शिल्लक कुठून असणार? आजी त्यांना आधी वाढायची आणि त्यावरून बाकीचे रुसायचे.

अशा खाणावळवाल्या बायका गिरणगावात खूप होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. ते नक्की वाचा.

प्रतिसाद: रात्रपाळी

मी गेम कंपनीत काम करतो. दोन गोष्टी सांगतो. एक, इतक्यात कोड लिहू नका. वही घ्या, चिंचोके घ्या, एकाने आजी व्हायचं, दुसऱ्याने जेवायला येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या. पंधरा मिनिटांत पोटात कालवाकालव झाली नाही तर चित्रं आणि संगीत लावूनही होणार नाही. संवादांच्या फांद्या तपासायला ट्वाइन हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं.

दुसरं, कामावरच सगळी भिस्त ठेवू नका, मला हे थोडं एकांगी वाटतंय. २०१८ चा 'फ्लोरेन्स' हा गेम बघा. पहिल्या भेटीत बोलायचं तर संवादाचा फुगा बऱ्याच तुकड्यांतून जुळवावा लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, बोलणं सोपं होतं. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. नोकरी, पैसा, नियम काही नाही, तरी कृतीतून नातं कळतं. तेव्हा काम सापडलं म्हणजे झालं असं नाही. तीच कृती सुरुवातीला कशी वाटते आणि शेवटी कशी, हे ठरलं पाहिजे.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. शाईपेन, खिळ्यांची कल्पना इतकी आवडली की ती पुढच्या गेमसाठी राखून ठेवतोय, तुमची हरकत नसेल तर. परळ_नाका, तुमचा प्रतिसाद मित्राला फोनवर वाचून दाखवला आणि आम्ही दोघांनीही खाणावळच धरायची ठरवली.

रात्रपाळींच्या सांगण्याप्रमाणे चिंचोके आणि चिठ्ठ्या घेऊन खेळून बघितलं. परातीत पीठ किती ते संध्याकाळी कळतं, चपात्या किती होतील ते आपणच सांगायचं, आणि मग एकेक माणूस दारात येतो. वहीत त्याची मागची बाकी दिसते. वाढायचं की नाही असं आम्ही विचारतच नाही, चपाती ताटात टाकली की टाकली. मित्र एका बदलीवाल्याला दोन चपात्या वाढून बसला, नंतर शेवटच्या माणसाला फक्त भात उरला आणि तो बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. चाळीतल्या खोलीच्या गोष्टीत हे कधीच झालं नव्हतं. शिवाय सगळा गेम एकाच खोलीत घडतो, त्यामुळे दोघांना झेपण्यासारखा आहे.

'फ्लोरेन्स'बद्दलचं म्हणणंही पटलं. सुरुवातीला पंगत भरलेली, भोंगा व्हायच्या आत सगळ्यांना वाढायचं म्हणून हात पुरत नाही. पुढे माणसं कमी, घाई नाही, आणि वाढायला फारसं काही नाही. तेच वाढणं, पण वेगळं.

प्रतिसाद: जुना_गिरणगावकर

चांगलं करताय, एक विनंती. संपाला नुसतं आलेलं संकट करू नका. पगार, बोनस, बदली कामगारांना कायम करणं, अशा मागण्या होत्या. आणि १९४६ च्या कायद्याप्रमाणे बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, तो कायदा जावा म्हणून माणसं संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेली. जेवताना हेच बोलणं चालायचं. एकाच पंगतीत दोन मतांची माणसं असायची, तेही येऊ दे. संपात जे खरोखर होते त्यांना गेम पुरा व्हायच्या आधी दाखवा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. मोठ्या बातम्या सगळे वाचतात, तुम्ही छोट्या जाहिराती आणि वाचकांची पत्रं वाचा.

धागाकर्ता

दादा, दोन्ही गोष्टी करतो. पंगतीत शेजारी बसणारी दोन भाऊ-भाऊ माणसं, एक संपाबाहेर जायच्या विचारात आणि एक नाही, असं लिहायला घेतलंय. दोघांनाही आजीने सारखंच वाढायचं का, हा निर्णय खेळणाऱ्याचा.

आता अडलोय ते शेवटापाशी. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे 'संप मिटला' असा दिवस गेममध्ये आणता येत नाही. मित्राचं म्हणणं, वाण्याने माल बंद केला की गेम संपवू. मला वाटतं, वही कधी बंद करायची ते खेळणाऱ्यानेच ठरवावं, आणि ती चालू ठेवणाऱ्यालाही गेमने शिक्षा करू नये. तुम्ही काय कराल?

आणि ज्यांच्या घरी खाणावळ होती त्यांना विचारायचंय. वहीत नावं असायची की लिहिता न येणाऱ्या बाई खुणा करायच्या? बाकी माणशी लिहायच्या की खोलीवार? गावी गेलेल्यांपैकी कोणी पुढे पैसे पाठवले का, आणि मागे राहिलेल्या ट्रंकांचं काय केलं? जुनी वही कोणाकडे असेल तर नावं झाकून एखाद्या पानाचा फोटो टाका. लालबाग-परळ भागात रविवारी मी केव्हाही येऊन भेटू शकतो.